चंद्राची सुट्टी

लतिका खांबेटेला भाऊ नव्हता. वाईला घरात तिघी बहिणीच. भाऊबीजेच्या संध्याकाळी आई तिघींना परसात उभं करायची, पश्चिमेला चंद्राची कोर दिसली की थोरलीच्या हातात तबक द्यायची आणि म्हणायची, "ओवाळ, तोच तुमचा भाऊ." ज्या बाईला भाऊ नाही तिने चंद्राला ओवाळावं, अशी आपल्याकडची रीत. ऐकायला मोठी गोड रीत आहे. पण शेजारच्या घरात खराखुरा भाऊ पाटावर बसलाय, करंज्या हादडतोय, तबकात बांगड्या नि रिबिनी टाकतोय, आणि आपण मात्र आभाळाकडे तोंड करून निरांजन फिरवतोय, यात लहान पोरीला कसलं सुख? बरं, द्वितीयेचा चंद्र तो. नीट दिसतो न दिसतो तोच मावळायला निघतो. एखाद्या वर्षी ढग आले की तोही नाही. लतिका थोरली, म्हणून तबक तिच्या हातात, आणि म्हणून लाजही तिच्याच वाट्याला जास्त.

लग्न होऊन ती लखनौला आली. नवरा आत्माराम एका आर्किटेक्टकडे नकाशे काढायचा. आलमबागला भाड्याच्या दोन खोल्या आणि वर गच्ची. मुलगी सानिका शाळेत जायला लागली तशी लतिकाने तालकटोऱ्याकडच्या एका पंख्यांच्या कारखान्यात नोकरी धरली, डिस्पॅचमध्ये. कुठल्या ट्रकमध्ये कुठला माल चढला, कुठे उतरायचा, गेटपास कुणाला द्यायचा, हे सगळं तिच्याकडे. ड्रायव्हर लोक तिला 'मराठिन दीदी' म्हणायचे आणि वचकून असायचे. पगार बेताचा होता, पण पगारातून ईएसआय कापलं जायचं, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या दवापाण्याचं कार्ड होतं. त्या कार्डाची किंमत तेव्हा तिला कळली नव्हती. धडधाकट माणसांना असल्या गोष्टींची किंमत कळत नाहीच.

कारखान्याचे मॅनेजर होते मधुसूदन सबनीस. अलीगंजला स्वतःचं घर, मराठी मंडळाचे सचिव, गणपतीत आरतीचा खडा आवाज त्यांचाच. आपल्या डिस्पॅचला एक खांबेटे बाई लागल्यात हे कळल्यावर ते मुद्दाम खाली येऊन भेटून गेले. दिवाळीच्या आधी सहज विचारलं, "भाऊबीजेला माहेरी जाणार का?"

लतिका हसली. "आमचा भाऊ चंद्र, साहेब. तो इथेही येतो."

सबनीसांना आधी कळलं नाही. कळलं तेव्हा म्हणाले, "यंदा चंद्राला सुट्टी द्या. मी येतो."

आणि खरंच आले की! स्कूटर गल्लीच्या तोंडाशी लावून, हातात मिठाईचा डबा घेऊन आले. पाटावर बसले, पण डोक्यावर घालायला टोपी नव्हती. आत्मारामने कपाटातून आपला मोठा पांढरा रुमाल काढून दिला, तो त्यांनी डोक्यावर ठेवला. लतिकाने कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारी आणि अंगठी ओवाळली, निरांजन ओवाळलं. तबकात त्यांनी साडी ठेवली. साडी काही फार भारी नव्हती. पण लतिका स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला टेकून रडली.

त्यानंतर तेरा-चौदा भाऊबिजा झाल्या. ऑफिसात 'साहेब', घरी 'दादा'. ऑफिसात 'खांबेटे बाई', घरी 'लते'. तो पांढरा रुमाल मग दुसऱ्या कशाला वापरलाच नाही. दर दिवाळीला लतिका तो धुऊन, खळ देऊन, कडक इस्त्री करून ठेवायची. परमुलखात माणसं नाती उसनी घेतात, पण हे नातं उसनं वाटावं असं दादांनी कधी वागणं ठेवलं नाही. हे सांगितलंच पाहिजे, नाहीतर पुढचं नीट कळायचं नाही. आत्मारामच्या हृदयाची झडप बिघडली, जिना चढताना धाप लागायला लागली, नोकरी सुटली, तेव्हा आपल्या गाडीतून त्याला ईएसआयच्या दवाखान्यात नेलं ते दादांनीच. कार्डावर मोठ्या हॉस्पिटलात झडप बदलून मिळते, हेही त्यांनीच शोधून काढलं. कागद पुढे सरकवले. नंबर लागला. पुढच्या फेब्रुवारीतली तारीख मिळाली. लतिकाने देवापुढे साखर ठेवली आणि दुसरी चिमूट दादांच्या नावाने ठेवली.

ही गोष्ट दोन हजार अकरा सालातली.

जूनच्या सुरुवातीला एका रविवारी दुपारी दादा आले. बाहेर तापलेल्या वाऱ्याची लू चालली होती, रस्त्यावर कुत्रं नव्हतं. हातात दसहरी आंब्यांची पेटी. लतिकाने पन्हं दिलं. आत्माराम पंख्याखाली आडवा पडला होता तो उठून बसला. सानिका बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाची पुस्तकं पसरून बसली होती, तिने "मामा, नमस्ते" म्हणून पाय आवरले. मराठी तिला सगळं कळायचं, बोलायची मात्र हिंदी.

दादा पन्हं प्यायले. पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "लते, वाईट बातमी आहे. कारखान्यातली माणसं कमी करतायत. वाइंडिंग, पेंटिंग, डिस्पॅच. यादी होणार. आणि यादी गेटवर लागणार."

लतिकाने पेला उचलता उचलता विचारलं, "माझं नाव आहे?"

"म्हणून तर आलोय मी." दादांनी आवाज खाली आणला. "तुझं नाव त्या गेटवर लागलेलं मला बघवणार नाही. कमी केलं म्हणजे काय, लोकांच्या लेखी हाकललं. मंडळात चार तोंडं चार गोष्टी बोलतील. उद्या सानिकाचं बघायचं, तेव्हा विचारतील, आईला नोकरीवरून का काढलं? त्यापेक्षा तू आपणहून राजीनामा दे. मानाने बाहेर पड. ट्रान्सपोर्टनगरला आपलं नवं गोदाम होतंय, दिवाळीपर्यंत सुरू होईल. तिथे पहिलं माणूस तू. माझा शब्द."

आता यात लतिकाला हसावं की तिच्यासाठी रडावं, ते वाचणाऱ्याने ठरवावं. पण आपल्या पांढरपेशा मराठी घरांत हे असंच असतं. काढून टाकलं, या शब्दाची केवढी धास्ती! राजीनामा दिला म्हटलं की मान ताठ. मागे घरात पीठ नसलं तरी चालेल, पण राजीनामा आपला आपण दिलेला असावा. लतिकाच्या वडिलांनी वाईच्या शाळेत हेडमास्तरांशी वाद होऊन राजीनामा दिला होता. घर त्यानंतर दोन वर्षं उधारीवर चाललं, पण ती गोष्ट घरात अजून अभिमानाने सांगितली जायची.

आत्माराम म्हणाला, "एक रात्र विचार करू. उद्या देऊ."

लतिकाने त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो गप्प बसला. दादांसमोर विचार करायचा? दादांवर संशय?

सानिकाच्याच वहीतला कागद घेतला. दादांनी सांगितलं तसं लिहिलं. घरगुती अडचणींमुळे मी स्वखुशीने नोकरीचा राजीनामा देत आहे. 'स्वखुशीने' हा शब्द तिने आधी घातला नव्हता. दादा म्हणाले, "घाल. बरं दिसतं." तिने घातला. सही केली. दादांनी कागदाची घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली आणि लतिका म्हणाली, "दादा, तुमचे उपकार कसे फेडू?"

"वेडी आहेस," दादा म्हणाले, आणि आंबे आधी पाण्यात घालून ठेव, उष्ण पडतात, असं बजावून निघून गेले.

जुलै गेला. लतिका गोदामाची वाट पाहत घरी पापड लाटत होती, शेजारच्या मुलांच्या शिकवण्या घेत होती. दर आठवड्याला फोन करावासा वाटे, पण दादा स्वतः सांगतीलच, उगीच मागे लागल्यासारखं कशाला, म्हणून करत नव्हती. ऑगस्टमध्ये आलमबागच्या भाजीबाजारात तिला वाइंडिंगमधली रामदुलारी भेटली. रामदुलारीचं नाव गेटवरच्या यादीत होतं. लतिकाला तिची कीव आलेली होती. आता मात्र रामदुलारी भेंड्या निवडत मजेत उभी होती.

"दीदी, आपका भत्ता आया?"

"कैसा भत्ता?"

"अरे, ईएसआई वाला! जिनकी छँटनी हुई ना, सबको मिल रहा है. आधी तनख़्वाह. और कार्ड भी चालू है, साल भर. हमारी सास की आँख तो इसी में बन गई." रामदुलारीने तिचा चेहरा पाहिला आणि भेंडी खाली ठेवली. "आपने फ़ॉर्म नहीं भरा?"

लतिका दुसऱ्या दिवशी सकाळीच ईएसआयच्या ऑफिसात गेली. पगार नाही तर निदान भत्ता. आणि भत्त्यापेक्षा मोठं म्हणजे कार्ड. कार्ड चालू तर फेब्रुवारीतलं ऑपरेशन चालू. टेम्पोत बसल्या बसल्या तिच्या मनात आलं, दादांच्या लक्षातून हे कसं राहिलं? कामात असतील.

टेबलामागे जाड भिंगांचा चष्मा लावलेले एक वयस्क बाबू होते. माणूस भला होता. तिला बसायला सांगितलं, पाणी मागवलं, कारखान्याकडून आलेले कागद चाळले आणि मान हलवली.

"मैडम, आपका तो नहीं बनता. कारख़ाना बंद हो, छँटनी हो, या आदमी काम लायक़ ही न रहे, तब मिलता है. आपने तो ख़ुद छोड़ी है."

"ख़ुद नहीं छोड़ी. मुझसे कहा गया था."

"लिखा तो यही है." बाबूंनी कागद तिच्याकडे फिरवला. तिचंच अक्षर. खाली इंग्रजीत कारखान्याने शेरा मारला होता आणि त्याखाली सही होती, एम. सबनीस. "स्वेच्छा से. देखिए, मैं आपसे झूठ नहीं बोलूँगा. इस्तीफ़े पर भत्ता नहीं होता. और कार्ड आपका दिसंबर तक है, उसके बाद बंद."

"फरवरी में मेरे पति का ऑपरेशन है."

बाबूंनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. मग म्हणाले, "एक सूरत है. आपके मैनेजर साहब लिख दें कि छँटनी की जगह इस्तीफ़ा लिया गया था. बस इतना. वादा नहीं करता, पर मैं ऊपर भेज दूँगा. सच है तो लिखने में क्या है?"

सच है तो लिखने में क्या है. लतिका हे वाक्य घोकतच कारखान्यात गेली. दादांना किती वाईट वाटेल, हीच तिला काळजी. गेटवरच्या दरबानाने आत फोन केला, साहब मीटिंगमध्ये आहेत म्हणाला. दुसऱ्या दिवशीही मीटिंग. तिसऱ्या खेपेला दादा गेटपर्यंत आले, तिचं सगळं ऐकून घेतलं, कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "अरे बाप रे. बघतो हं मी. वरती बोलावं लागेल. तू उन्हात कशाला आलीस?" आणि ते बघतो म्हणाले म्हणजे बघतीलच, म्हणून लतिका घरी आली. आत्मारामने फक्त विचारलं, "लिहून दिलं?" ती म्हणाली, "देतील."

पडदा फाटला तो गणपतीत. मंडळाच्या गणपतीला लतिका मोदक वळायला दरवर्षी जायची, तशी गेली. शेजारी दादांची बायको गीता बसली होती. गीता वहिनी मनाने साधी, पोटात काही राहायचं नाही. पाकळ्या काढता काढता ती म्हणाली, "यंदाचा आमचा इथला शेवटचाच गणपती ग. ह्यांना पुण्याच्या ऑफिसात मोठी जागा मिळतेय. वरच्यांनी काय कौतुक केलंय म्हणून सांगू! म्हणाले, तेवढी माणसं कमी करायची होती, त्यातली सात सबनीसांनी नोटीस न देता, नुकसानभरपाई न देता, नुसत्या गोडीगुलाबीने घरी पाठवली. हे म्हणतात, आपली माणसं समजूतदार, त्यांच्याकडूनच घ्यावा लागतो राजीनामा. बाकीचे युनियनवाले कसले ऐकतायत!"

लतिकाच्या हातातला मोदक तसाच उघडा राहिला.

"आणि ट्रान्सपोर्टनगरचं गोदाम?" तिने विचारलं.

"कुठलं गोदाम?" गीता वहिनीने विचारलं.

केसाने गळा कापणं म्हणतात ते हे. वैरी कापतो तेव्हा निदान सुरी दिसते. इथे मान दादांपुढे आपणच वाकवलेली, वर उपकार मानलेले. ज्या माणसांशी त्यांचा काही लागाबांधा नव्हता, त्यांना नोटीस मिळाली, हक्क मिळाले. रामदुलारीच्या घरी पेटी घेऊन कुणी गेलं नव्हतं, म्हणून रामदुलारीच्या सासूला दिसायला लागलं. राजीनामा मागितला तो ज्यांच्या घरी पाणी मागून प्यायचा हक्क होता त्यांच्याकडेच. मंडळातले आणखी दोघे होते, पूर्वी दादांनीच चिकटवलेला एक गरजू पोरगा होता, सगळे 'आपले'. लतिकाला राग नंतर आला. आधी आली ती लाज, लहानपणी परसात तबक धरून उभं राहताना यायची तशी. आपल्याला भाऊ आहे असं आपण इतकी वर्षं जगाला सांगत होतो.

ती घरी आली, आत्मारामला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "भाऊबीजेला येईल का तो?"

"येतील," लतिका म्हणाली. "त्यांना वाटतंय मला काही ठाऊक नाही."

तिच्या मनात अजून एक वेडी आशा होती, ती तिने नवऱ्याला सांगितली नाही. माणूस वरच्यांच्या दडपणाखाली वाकडं वागतो. पण पाटावर बसला, समोर बहीण तबक घेऊन उभी राहिली, तर कोण नाही म्हणेल? ओवाळणी मागायचा हक्क असतो बहिणीला. आजवर तिने तोंडाने कधी काही मागितलं नव्हतं. आता मागायचं. फेब्रुवारीच्या आत एक खरं वाक्य.

भाऊबीजेला दादा आले. आता चारचाकी होती, ती गल्लीत शिरायची नाही, म्हणून चालत आले. साडीची पेटी या वेळी मोठी होती. लतिकाने पाटाभोवती रांगोळी काढली होती. रुमाल इस्त्री करून ठेवला होता. करंज्या केल्या होत्या. सानिका दाराशी उभी, आत्माराम खुर्चीवर. दादांनी रुमाल डोक्यावर ठेवला, मांडी घातली आणि म्हणाले, "चल, आटप. तुझा चंद्र यायच्या आत उरकू."

दरवर्षीचीच थट्टा. लतिकाने तबक उचललं, निरांजन लावलं, पण कुंकवाला बोट लावलं नाही.

"दादा, आज आधी ओवाळणी मागते."

"माग की! काय हवं ते माग."

"उद्या माझ्याबरोबर ईएसआयच्या ऑफिसात चला. एवढंच लिहून द्या की तुम्ही मागितलात म्हणून मी राजीनामा दिला. खोटं काही लिहायचं नाही."

दादांच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थांबलं. त्यांनी आत्मारामकडे पाहिलं, आत्मारामने नजर वळवली नाही. मग ते हलक्या आवाजात म्हणाले, "लते, तुला वाटतं तेवढं सोपं नाहीये ते. मी असं लिहिलं तर ती छाटणी ठरते. मग नोटीस, भरपाई, बाकीचे सहाही उभे राहतील. कंपनी मला विचारेल. माझं पुण्याचं... तू समजून घे."

"तुम्हाला माहीत होतं ना, की राजीनामा दिला तर भत्ता मिळत नाही? कार्ड बंद होतं?"

दादांनी डोक्यावरचा रुमाल सारखा केला.

"ह्यांची तारीख तुम्हीच मिळवून दिलीत, दादा. फेब्रुवारी आहे हे तुमच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत होतं? तरी त्या दिवशी 'स्वखुशीने' घाल म्हणालात. बरं दिसतं म्हणालात."

"मला वाटलं, तोवर काहीतरी व्यवस्था होईल. मी करीन. मी आताही करीन!" त्यांनी खिशात हात घातला, जाड पाकीट काढलं. "हे ठेव. ऑपरेशनला मदत होईल. भाऊ म्हणून देतोय. ते लिहिण्याचं सोडून काहीही माग."

लतिकाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिथेच आटलं. पाकीट तबकात पडण्याआधी तिने तबक मागे घेतलं. तिला ओरडायचं होतं, पण ओरडता येईना. दिवाळीच्या दिवशी, पाटावर बसलेल्या पाहुण्यावर ओरडणं तिच्या घरात कुणाला शिकवलेलंच नव्हतं. तीच तर तिची सगळी चूक होती, नाही का?

तिने निरांजनावर पदराचा आडोसा धरला आणि दादांच्या शेजारून, पाटाला वळसा घालून, ती दाराबाहेर पडली. जिना चढून गच्चीवर गेली. दादा खाली पाटावर डोक्यावर रुमाल घेऊन तसेच बसून राहिले. ती परत येईल असं त्यांना वाटलं असावं.

गच्चीवर फटाक्यांचा धूर होता. शेजारच्या गच्चीवरच्या मिश्राइन दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होत्या. पश्चिमेला, बस अड्ड्याच्या दिशेला, धुरात कोर शोधायला तिला जरा वेळ लागला. नखाएवढी होती. लतिकाने तबक वर धरलं आणि ओवाळलं. तेरा-चौदा वर्षांनी.

मिश्राइन बघत होत्या. "आज तो भाई दूज है ना? आपके भैया आए नहीं क्या इस बार?"

"यही हैं," लतिका म्हणाली. "छुट्टी पर थे."

ऑपरेशनचं काय झालं, ते इथेच सांगून टाकलेलं बरं, कुणाचा जीव टांगणीला नको. भत्ता मिळाला नाही. डिसेंबरात कार्ड बंद झालं आणि फेब्रुवारीतली तारीख दुसऱ्या कुणाला तरी गेली. लतिकाने अमौसीकडे एका खोके बनवणाऱ्या कारखान्यात उभ्याने करायचं काम धरलं, कारण तिथे ईएसआय कापत होते. पगार किती, हे तिने दुसरा प्रश्न म्हणून विचारलं. कार्ड पुन्हा सुरू व्हायला महिने गेले, नंबर पुन्हा शेवटून लागला. आत्माराम दीड वर्ष घरातून खाली उतरला नाही, दोन वाक्यांत एकदा थांबून श्वास घ्यायचा. झडप बदलली तेव्हा डॉक्टर म्हणाले, आधी आला असतात तर हृदय एवढं थकलं नसतं. तो जगला. पण गच्चीचा जिना त्याला पुन्हा कधी जमला नाही. सबनीस पुण्याला गेले. मंडळाने त्यांना शाल आणि श्रीफळ दिलं. दर भाऊबीजेला त्यांचा फोन वाजायचा आणि लतिका तो वाजू द्यायची.

पण त्या संध्याकाळी ती गच्चीवरून खाली आली, तेव्हा निरांजन विझलं होतं आणि पाट रिकामा होता. पाटावर साडीची पेटी, पेटीवर ते पाकीट, आणि पाकिटावर नीट घडी करून ठेवलेला रुमाल. आत्माराम डोळे मिटून बसला होता. सानिका रडवेली होऊन दाराशी उभी होती.

"मम्मी, मामा चले गए. बिना टीका कराए ही."

लतिकाने तबक देवापुढे ठेवलं. पेटी आणि पाकीट उचलून सानिकाच्या हातात दिलं, ते गल्लीच्या तोंडाशी गाडीत बसायच्या आत परत देऊन ये म्हणाली. रुमालाची घडी तिने मोडली आणि त्यानेच रांगोळी पुसायला खाली बसली.

"मामा नाही, बाळा," ती म्हणाली. "साहेब गेले."